एकच फाईल

३ मार्च, मंगळवार

ऑफिसच्या कपाटात ही वही कोरी पडून होती, ती उचलून आणली. दिवसभर कुणावर ना कुणावर माझं डोकं फिरतं. ते ऑफिसात बोलून चालत नाही, आणि घरी मी एकटी. म्हणून इथे.

दादाचं स्वरयंत्र १९ तारखेला काढणार. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं, इथून कापणार, इथे भोक ठेवणार. जिवाला धोका नाही हे त्यांनी तीनदा सांगितलं. आवाज परत येणार नाही हे एकदाच सांगितलं आणि लगेच दुसरा कागद पुढे ओढला. दादा बावीस वर्षं फुलबाजारात लिलाव पुकारतोय. त्याने विचारलं, "किती दिवस?" बाई म्हणाल्या, "कायमचं." तो म्हणाला, "ते कळलं हो. रजा किती दिवसांची टाकू ते विचारतोय."

खरी अडचण आईची आहे. आईला सात वर्षं झाली, काही दिसत नाही. वहिनी सकाळी नऊला पोस्टात कामावर जाते ती पाचला येते, तोवर घरात ही दोघंच. आम्हाला दादा लिहून दाखवेल. आईला काय दाखवणार? उद्या हा न्हाणीघरात पडला तर तिला हाक कशी मारणार?

मी तिथल्या तिथे बोलून बसले की मी करते. टॅबवर बटणं करायची, बटण दाबलं की दादाच्याच आवाजात वाक्य. लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलचं सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी सतरा वर्षं गेली, त्यातही हेच असतं: एक छोटा डेटाबेस, ज्याला ना वेगळा सर्व्हर लागतो ना सांभाळायला माणूस. सगळं एका फाईलमध्ये. सोळा दिवस भरपूर झाले.

५ मार्च, गुरुवार

वहिनी म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, फोनमध्ये तयार आवाज असतात की. करून बघितलं. त्या आवाजाने "आई, पाणी हवंय का" म्हटल्याबरोबर आई खुर्चीतून अर्धी उठली. "कोण आलंय? दार कुणी उघडलं?" समजावून सांगितलं. म्हणाली, "असू दे. पण त्या माणसाला आधी बाहेर काढ." विषय संपला. दादाचाच आवाज लागणार.

माझा जुना टॅब त्याला दिला. लॅपटॉपवर दोन दिवस खपून मी सगळं चालू केलं होतं, टॅबवर टाकलं तर पहिल्याच वाक्याला अडकलं. 'वाक्य नसेल तर घाल, असेल तर बदल' हे मी एका दमात लिहिलं होतं. लॅपटॉपवरच्या डेटाबेसला ते कळतं. टॅबमध्ये त्याच डेटाबेसची आठ-नऊ वर्षांपूर्वीची आवृत्ती बसलीय, तिला कळत नाही. ऑफिसात आठवड्यातून दोनदा मी गिऱ्हाइकांना फोनवर झापते, तुमच्या यंत्रात कुठली आवृत्ती आहे ते आधी बघत जा. मी बघितली नाही, कारण घरचं काम. शेवटी नवी आवृत्ती ॲपच्या पोटातच घालून दिली. अर्ध्या दिवसाची रजा त्यात गेली.

६ मार्च, शुक्रवार

वाक्यांची यादी छापून नेली. चारशे बारा. तीन रात्री... नाही, खोटं कशाला लिहू, दोनच संध्याकाळी घालवल्या, पण मन लावून केली. खाणं-पिणं, औषधं, दुखणं-खुपणं, मदत, पाहुणे, सगळे विभाग पाडून. दादाने पहिलं पान वाचलं. "कृपया माझी उशी थोडी उंच करा. हे कोण बोलतंय, ठमे?"

"तू."

"मी जन्मात कधी कृपया म्हणालोय?"

"आईला नको म्हणूस. पण नर्स असेल, शेजारी असतील. सगळ्यांना चालेल असं लिहिलंय."

"मग सगळ्यांकडूनच बोलून घे."

आणि याने रेकॉर्ड काय केलं? "हं." "मग?" "असं होय." "काय सांगतेस." "अगं आई." एक खाकरणं. एक हसणं, तेही दोनदा, कारण पहिलं पसंत पडलं नाही. आणि सगळ्यात वर "एक वार, दोन वार, तीन वार", पूर्ण बाजारी आवाजात, घसा असा झालेला असताना. मी म्हटलं, दादा, हे वाक्य तुला घरात कुठे लागणार आहे? म्हणाला, "आई भाजीत मीठ जास्त घालेल तेव्हा." आई पलीकडून म्हणाली, "मी कुठे करते आता भाजी." दोघं हसत बसली. मी यादी धरून उभी.

वर आणि बटणं उलटीपालटी लागली. एकनंतर दहा, मग अकरा, आणि दोन कुठेतरी खाली. आकडे मी अक्षरं म्हणून साठवले होते. हा डेटाबेस कशाला म्हणून हरकत घेत नाही, जे द्याल ते मुकाट ठेवून घेतो. दादा म्हणाला, "मी लिलावात असे आकडे पुकारले तर लोक मला गुलछडीने हाणतील." पाच मिनिटांत दुरुस्त केलं, पण ऐकून घ्यावं लागलं.

८ मार्च, रविवार

चाळीस झाली. त्यातली माझ्या यादीतली दोन.

आज रेकॉर्डिंगपेक्षा त्याच्या शंकाच जास्त. हा टॅब बिघडला तर? दुसऱ्या टॅबवर चालेल का? दुसऱ्या कंपनीच्या? दहा वर्षांनी चालेल? मी म्हटलं, चालेल, या डेटाबेसची फाईल कुठल्याही यंत्रावर उघडते, जुनी फाईल नव्या आवृत्तीत उघडते, ते लोक याबाबतीत पक्के आहेत. "तू नसलीस तरी?" मी कुठे चाललेय? "तसं नव्हे. मी नसलो, आणि आईला ऐकायचं असलं, तर तुझ्या वहिनीला जमेल लावायला?" काय हा प्रश्न. तू नसलास तर 'मला पाणी हवं आहे' ऐकून आई काय करणार? मी म्हटलं, दादा, तू वाक्यं म्हण, तांत्रिक बाजू माझ्यावर सोड. तो बरं म्हणाला आणि टॅब पालथा घालून ठेवला. ऑफिसातली गिऱ्हाइकं परवडली.

वहिनीसाठी मात्र मोठ्या अक्षरांत कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फोल्डर कुठे, फाईलचं नाव काय, आणि खाली ठळक: 'फक्त ही एक फाईल जपायची. बाकी काही लागत नाही.' वहिनी पोस्टातली आहे, लिहून दिलं की त्याच्या इकडचं तिकडे करत नाही. फाईल मुद्दाम उघड्या फोल्डरमध्ये ठेवलीय, म्हणजे तिला पेन ड्राइव्हवर घेता येईल.

१० मार्च, मंगळवार

सकाळी साडेअकराला दादाचा फोन, मी मीटिंगमध्ये. "कुलूप लागलंय म्हणतंय. किल्ली कुठाय?" रेकॉर्ड करताना मधेच 'डेटाबेस कुलूपबंद आहे' असं आलं आणि बोललेलं वाया गेलं. तेही नेमकं चांगलं आलेलं, असं त्याचं म्हणणं. घसा दुखत असताना माणसाला परत बोलायला लावायचं म्हणजे पाप आहे, हे मला कळतं, पण फोनवर मी त्याच्यावरच डाफरले.

झालं असं की एका बाजूने बटणांची यादी वाचणं चालू आणि दुसऱ्या बाजूने लिहिणं, दोघांची दारात गाठ. संध्याकाळी जाऊन पद्धतच बदलली. आता नवं रेकॉर्डिंग आधी शेजारच्या एका फाईलमध्ये उतरतं आणि मग सवडीने मुख्य फाईलमध्ये जातं. वाचणारा वाचत बसो, लिहिणारा लिहीत बसो, कुणी कुणाला अडवत नाही. शिवाय यादी झटकन दिसावी म्हणून ती एकदा वाचायला उघडली की उघडीच ठेवलीय. टॅब चार्जरलाच राहू दे, ॲप बंद करू नका असं सगळ्यांना बजावलं. जुनं सगळं मुख्य फाईलमध्ये नीट गेलंय का ते मोजलं. त्रेसष्ट. दादाने बटण दाबल्याबरोबर हसण्याचा आवाज आला. "लोण्यासारखं चाललंय," म्हणाला. बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

चार दिवसांत एकही नवं वाक्य नाही. घसा दुखतो हे खरं, पण काल तासभर बाजारातल्या दोस्तांशी फोनवर खिदळत होता, हे वहिनीनेच सांगितलं.

आज भांडले. सगळं बोलले. म्हटलं, पाच दिवस राहिलेत, नंतर ढसाढसा रडलास तरी एक अक्षर मिळणार नाही. आईला सांडल्या पाण्यावरून सावध करायचं असेल तेव्हा काय खाकरणार आहेस? तुला सगळी गंमत वाटते, आणि निस्तरायचं आम्ही. वहिनी मधे पडली, "वन्सं, पुरे." दादाने यादी घडी घालून खिशात ठेवली. मी चहा न घेता निघाले. जिन्यात आईचा आवाज ऐकू आला, "ती का ओरडत होती?" आणि त्याने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

१८ मार्च, बुधवार

संध्याकाळी सातला भरती करायचं होतं. मी सहाला गेले, तर दादाचा घसा पार गेलेला. फुसफुस नुसती. कोमट पाण्याचा पेला हातात, डोळे लाल, कपाळाला घाम. वहिनी नुकतीच कामावरून आलेली, तिला काही पत्ता नाही. आई दिवाणखान्याची खुर्ची सोडून दादाच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसलेली. म्हणाली, "जेवण झाल्यापासून दार लावून बोलत होता. चहालासुद्धा उघडलं नाही."

झालं, शेवटच्या दिवशी पण दोस्तमंडळी. मी म्हटलं, "उद्या ऑपरेशन आणि आज फोनवर गप्पा?" तो म्हणाला, "रेकॉर्डिंग केलं." किती? "बघशील." म्हणजे पाच-दहा असतील. बघायला वेळ नव्हता, गाडी खाली उभी होती.

वॉर्डात नर्सने नाव विचारलं ते वहिनीने सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार

सहा तास. व्यवस्थित झालं म्हणाल्या. मी त्याला काचेतून बघितलं.

२४ मार्च, मंगळवार

रोज ऑफिस, मग इस्पितळ. दादा पाटीवर लिहितो. पहिल्या दिवशी लिहिलं, 'नर्स मारकी आहे.' नर्सने ते वाचलं.

बाजारातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला नवा टॅब घेऊन दिला. दुकानदार जुना टॅब बदल्यात घेतो म्हणाला, वहिनी आज अर्धा दिवस रजा टाकून तेच करत होती. आणि मला फोन नेमका ड्रेसिंग चालू असताना. नळी काढताना दादा गुदमरत होता, मी त्याचा हात धरलेला, खांद्याला फोन लावलेला.

"वन्सं, फोल्डरमध्ये तीन फाईली दिसतायत. सारख्याच नावाच्या, शेवटाला थोडं वेगळं. तिन्ही घेऊ का?"

"वहिनी, कागदावर काय लिहिलंय?"

"एक लिहिलंय. पण इथे तीन आहेत म्हणून—"

"मग एक. किती वेळा सांगू? एकच फाईल. बाकी काही लागत नाही."

"बरं," म्हणाली. नंतर वाईट वाटलं, तिचाही जीव मेटाकुटीला आलाय. पण माणसाने लिहिलेलं तरी वाचावं.

२९ मार्च, रविवार

नवा टॅब लावायला बसले. पेन ड्राइव्हवरची फाईल टाकली, उघडली. त्रेसष्ट.

परत उघडली. त्रेसष्ट. दहा तारखेला मोजली होती तेवढीच. अठरा तारखेचं एकही नाही.

मग वहिनीचा फोन आठवला. शेजारची फाईल. ती तीनपैकी एक होती. कुणी यादी वाचत बसलेलं असेल तोवर शेजारच्या फाईलमधलं मुख्य फाईलमध्ये जाऊच शकत नाही, आणि यादी वाचत कोण बसलं होतं? माझंच ॲप, दहा तारखेपासून अखंड, लोण्यासारखं. दादा त्या दिवशी जे काही बोलला ते शेजारीच पडून होतं. वहिनीने विचारलं, तिन्ही घेऊ का. मी नको म्हटलं.

दुकानदाराचा फोन लागला नाही, रविवार. वहिनीला काही सांगितलं नाही. घरी येऊन बसलेय.

३० मार्च, सोमवार

दुकान उघडायच्या आधी दारात उभी. जुने टॅब शुक्रवारीच गठ्ठ्याने गेले, गेल्याबरोबर पुसतात, म्हणाला. कुठे गेले? माहीत नाही. फोन लावून द्या. लावला. पलीकडचा म्हणाला, मॅडम, शंभर टॅब होते, पुसून झाले, तुमचा कुठला ते मी कसं सांगू. मी दुकानदारावर ओरडले. तो म्हणाला, तुमच्या माणसानेच सही केली, डेटा घेतला म्हणून. केलीच होती.

हा डेटाबेस वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर प्रश्न टाकला, शेजारची फाईल नसताना काही परत मिळतं का. तासाभरात एकाने उत्तर दिलं: नाही, आणि तुम्ही माहितीपत्रक वाचलं होतं का? अंगाचा तिळपापड झाला. चार ओळी खरमरीत लिहिल्या आणि पुसून टाकल्या. माझ्या टेबलाशेजारी गिऱ्हाइकांसाठी एक कागद लावलेला आहे, नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. चौथं उत्तर: 'चालू डेटाबेस हलवताना फक्त मुख्य फाईल घेऊ नका, सोबतच्या फाईलीही घ्या.' तो कागद मीच लिहिलाय, तीन वर्षांपूर्वी. खापर फोडायला दुसरं डोकं सापडत नाही.

४ एप्रिल, शनिवार

दादा परवा घरी आला. आज सांगितलं.

वहिनी आणि आई बाहेरच्या खोलीत होत्या. मी दार लोटलं आणि धडाधड सगळं बोलून टाकलं, फाईल, शेजारची फाईल, फोन, दुकान. म्हटलं, वहिनीची काही चूक नाही, तिने विचारलं होतं. तू त्या दिवशी जे बोललास ते गेलं, माझ्यामुळे गेलं, आणि ते आता कुणालाच परत आणता येणार नाही. मला वाटलं तो पाटी फेकून मारेल.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पाटी घेतली. लिहिलं: 'त्या दिवशी काही केलंच नव्हतं.'

मी म्हटलं, काय?

पुसून परत लिहिलं: 'तुझं तोंड बंद करायला म्हणालो, केलं म्हणून. बाजारात फोन लावला होता. सगळ्यांशी शेवटचं बोलून घेतलं.'

आठ दिवस मी जेवले नाही धड. दुकानदाराच्या हातापाया पडले. मंचावर अक्कल काढून घेतली. आणि हा पठ्ठ्या त्या दिवशी एक वाक्य बोललेला नाही. "चारशे बारा वाक्यं होती, दादा," मी म्हटलं, "त्यातलं एक तरी म्हणायचंस." त्याने खांदे उडवले. असा राग आला, असा राग आला की रडूच फुटलं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं हलकंही वाटलं. घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवले. आता निजणार. एवढा बेजबाबदार माणूस मी आयुष्यात बघितला नाही.

६ एप्रिल, सोमवार

त्या त्रेसष्टात त्यांचं बरं चाललंय, हे कबूल करायला हवं. आई बोलते आणि हा बटणं दाबतो. "हं." "मग?" "काय सांगतेस." आईचं बोलणं तासभर चालतं. तिने मला हळूच विचारलं, "याचा घसा सुधारला वाटतं?" मी म्हटलं, आई, ते आधीचं साठवलेलं आहे. म्हणाली, "माहितेय गं मला. पण बरोबर जागी हं म्हणतो."

पडलं-झडलं तर काय, हा प्रश्न होताच. तो दोघांनी मिळून सोडवला, मला न विचारता. 'एक वार, दोन वार, तीन वार' वाजलं की आईने भिंतीवरचा फोन उचलायचा आणि पहिलं बटण दाबायचं, तो वहिनीला लागतो. आज वहिनीचा पोस्टातून फोन, घाबरलेली, तीन वार झालं म्हणून. दादा रंगीत तालीम घेत होता. संध्याकाळी पाटीवर लिहिलं, 'आईने फोन लावायला साडेचार मिनिटं घेतली. सुधारणा हवी.' वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलणार नाही म्हणतेय.

९ एप्रिल, गुरुवार

वहिनीला आज उशीर होणार होता म्हणून मी ऑफिसातून सरळ तिकडे. दादा झोपला होता. आईचे केस विंचरत बसले. मी सहज कुरकुर करत होते, की यादीतलं थोडं जरी बोलला असता तर किती सोपं झालं असतं, पण गप्पा मारल्या बाजारवाल्यांशी.

आई म्हणाली, "कोणाशी? कुणाशी नाही बोलला तो."

"अगं, त्या शेवटच्या दिवशी. दार लावून."

"दाराशीच बसले होते की मी. फोन कुठला? एकटाच बोलत होता. मला तर काळजीच लागली. उशी उंच करा, पंखा कमी करा, मला मळमळतंय, असलंच काहीतरी. आणि प्रत्येकाला कृपया. म्हटलं याला ताप चढलाय."

माझ्या हातातली फणी थांबली. आई म्हणाली, "ओढ ना, झालं का?"

मी म्हटलं, "किती वेळ बोलत होता?"

"सांगितलं ना, जेवणापासून तुम्ही येईपर्यंत. खोकला यायचा, मग तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रत्येक वाक्यानंतर आकडा म्हणायचा, बाजारात म्हणतो तसा. शेवटी शेवटी आवाजच फुटत नव्हता, नुसता वारा. चारशे बारा म्हणाला आणि मग दार उघडून माझ्याकडे पाणी मागितलं."

"तू त्याला विचारलं नाहीस, काय करतोयस म्हणून?"

"विचारलं. म्हणाला, ठमीचा गृहपाठ."

मी वेणी घातली. शेवटाला रबर लावलं. आई म्हणाली, सैल झालीय. सोडून परत घातली.

१२ एप्रिल, रविवार

तीन दिवस गेले नाही तिकडे. ऑफिसात एका गिऱ्हाइकाने विचारलं, तीन फाईली दिसतायत, कुठली घेऊ? मी त्याला पाऊण तास समजावून सांगितलं. तो बिचारा नंतर नुसता हो हो करत होता.

आज गेले. रस्त्यात ठरवलं होतं की त्याच्या पायाशी बसायचं आणि सांगायचं, मला कळलंय. आई म्हणाली, ठमीचा गृहपाठ. तू असा कसा रे. जिन्यात दोनदा थांबले. दार त्यानेच उघडलं. गळ्याला पांढरी पट्टी, वजन उतरलेलं, हातात पाटी. माझा चेहरा बघून त्याचा चेहरा बदलला, सावध झाला, आणि मला एकदम कळलं की मी बोलले तर याच्याकडे काही उरणार नाही. आवाज गेला, बाजार गेला, ती दुपारही गेली. माझ्यासाठी एक थाप मारून ठेवलीय, तेवढी एकच गोष्ट अजून त्याच्या हातात आहे.

म्हणून मी चप्पल काढता काढता म्हटलं, "काय साहेब, आज तरी काही काम केलंत, की त्या दिवसासारखं नुसतं बसून काढलंत?"

त्याचे खांदे सैल पडले. पाटीवर लिहिलं, 'किती दिवस तेच उगाळशील?'

"जन्मभर," मी म्हटलं. "चार तास होते तुझ्याकडे. एक वाक्य नाही म्हणालास. आळशी कुठला."

तो हसला. आवाज नाही, नुसतं पोट हलतं आता. इतका खूश मी त्याला ऑपरेशनपासून बघितला नव्हता. वहिनी आतून म्हणाली, "वन्सं, आल्या आल्या सुरू झालात? आजारी माणूस आहे." मी म्हटलं, आजारी असला म्हणून काय झालं, आणि आणखी दोन वाक्यं ऐकवली. आई माझ्या आवाजाकडे तोंड करून बसली.

दर रविवारी जाणार आहे आणि दर रविवारी याच गोष्टीवरून त्याला बोलणार आहे. माझं त्याने चारशे बारा वेळा ऐकलं.